विश्लेषण : संगणकाला खरेच काही ‘सुचते’ का? सर्जनशील प्रोग्राम कसे बनतात आणि अडतात कुठे?

मोबाइलवर एक ओळ टाइप केली की काही सेकंदांत चित्र, चाल, कविता किंवा दुकानासाठी घोषवाक्य हजर होते. त्यामुळे संगणकाची सर्जनशीलता ही गेल्या तीन-चार वर्षांतील गोष्ट आहे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात या प्रयोगांना जवळपास सत्तर वर्षे झाली आहेत. ‘कॉम्प्युटेशनल क्रिएटिव्हिटी’ या नावाने संशोधनाची एक स्वतंत्र शाखा आहे आणि तिची आंतरराष्ट्रीय परिषद २०१० पासून भरते.

या काळात तंत्र अनेकदा बदलले, पण एक अडचण कायम राहिली. नवे काही तयार करणे संगणकाला फारसे जड गेले नाही. तयार झालेल्या ढिगातून चांगले कोणते, हे ओळखणे मात्र जड गेले. ही अडचण नेमकी काय आहे, ती कुठे सुटली, कुठे नाही आणि तिचा आपल्या लेखनाशी व मालकीहक्काशी काय संबंध आहे, ते समजून घेऊ.

‘सर्जनशील’ कशाला म्हणायचे?

ब्रिटिश अभ्यासक मार्गारेट बोडेन यांनी १९९० मध्ये ‘द क्रिएटिव्ह माइंड’ हे पुस्तक लिहिले. त्यातील विचारांचा आधार या क्षेत्रात आजही घेतला जातो. बोडेन यांच्या मते, सर्जनशील कल्पनेत तीन गोष्टी हव्यात : ती नवी हवी, चकित करणारी हवी आणि तिला काही मोल हवे.

‘नवी’ कुणासाठी, हाही प्रश्न आहे. शाळेतील एखाद्या मुलीला १ ते १०० ची बेरीज झटकन करण्याची युक्ती स्वतःहून सुचली, तर ती जगाला ठाऊक असली तरी तिच्यासाठी नवीच असते. बोडेन दोन्ही प्रकारांना सर्जनशील मानतात, मात्र त्यांची नोंद वेगवेगळी ठेवतात.

त्यांनी सर्जनशीलतेचे तीन मार्गही सांगितले आहेत. पहिला म्हणजे आधीच्या दोन गोष्टींची नवी जोडी जमवणे. बटाटावडा होता, पावही होता. वडापाव ही त्यांची जोडी. दुसरा, ठरलेल्या चौकटीत राहून न गेलेल्या वाटा शोधणे. गायक रागाचे नियम पाळूनच नवी जागा घेतो, तसे. तिसरा, चौकटच बदलणे. कवितेत काय येऊ शकते, याची मराठीतील समजूत मर्ढेकरांनी बदलली, ते या प्रकारात मोडते. संगणक पहिल्या दोन मार्गांवर चांगला चालतो. तिसऱ्यावर त्याची गाडी अडते, कारण चौकट बदलली की चांगल्या-वाईटाचे मोजमापही बदलते.

तयार करणे सोपे का?

एक हिशेब करून पाहू. सात शुद्ध स्वर घ्या आणि आठ स्वरांची एक ओळ बनवायची ठरवा. प्रत्येक जागी सातपैकी कोणताही स्वर चालेल. अशा एकूण ५७,६४,८०१ ओळी होतात. साधा प्रोग्राम ही सगळी यादी मोबाइलवरही काही सेकंदांत करेल. पण एक ओळ ऐकायला पाच सेकंद धरले, तर यादी संपवायला रात्रंदिवस जागून जवळपास ३३४ दिवस लागतील.

आता नियम घालू. भूप रागात मध्यम आणि निषाद नसतात. उरले पाच स्वर. ओळींची संख्या एकदम ३,९०,६२५ वर येते आणि ऐकण्याचा वेळ सुमारे साडेबावीस दिवसांवर. एका नियमाने ९३ टक्क्यांहून अधिक ओळी गळाल्या.

तरीही काम झालेले नाही. देशकार रागातही हेच पाच स्वर आहेत. भूपाचा वादी स्वर गंधार, तर देशकाराचा धैवत. म्हणजे कोणत्या स्वरावर भर द्यायचा, कुठे थांबायचे, यावरून राग बदलतो. हेही नियमात लिहिता येईल. त्यानंतरही हजारो ओळी उरतील. त्यांतली मैफलीत दाद मिळवणारी कोणती आणि नुसती बरोबर असलेली कोणती, हे सांगणारा नियम लिहिताना प्रोग्रामरचा हात थांबतो. सर्जनशील प्रोग्रामचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या शेवटच्या टप्प्याशी झालेली झटापट आहे.

पहिला प्रयोग कधी झाला?

संगणक प्रत्यक्षात येण्याच्या शंभर वर्षे आधी, १८४३ मध्ये, एडा लव्हलेस यांनी चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित यंत्रावर टिपणे लिहिली. स्वरांमधील संबंध यंत्राला कळेल अशा रूपात मांडता आले, तर ते संगीतरचनाही करू शकेल, असे त्यांनी नोंदवले. मात्र, यंत्र स्वतःहून काही निर्माण करत नाही, आपण सांगू तेवढेच करते, असेही त्यांनी बजावले. १९५० मध्ये अॅलन ट्युरिंग यांनी या आक्षेपाला उत्तर दिले. यंत्रे आपल्याला वारंवार चकित करतात, असे त्यांचे म्हणणे होते.

लव्हलेस यांचा पहिला अंदाज १९५७ पर्यंत खरा ठरला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात लेजरेन हिलर आणि लेनर्ड आयझॅकसन यांनी ‘इलियाक’ संगणकाकडून चार तंतुवाद्यांसाठी रचना करून घेतली. ती ‘इलियाक सुइट’ म्हणून ओळखली जाते. दोघांचीही पार्श्वभूमी रसायनशास्त्राची होती.

त्यांची पद्धत वरच्या हिशेबासारखीच होती. संगणक यादृच्छिक आकडे काढायचा, प्रत्येक आकडा म्हणजे एक स्वर. तो स्वर पाश्चात्त्य संगीताच्या जुन्या नियमांत बसला तर ठेवायचा, नाही तर फेकून पुढचा घ्यायचा. चौथ्या भागात त्यांनी वेगळे तंत्र वापरले : आधीच्या स्वरानंतर पुढचा कोणता येण्याची शक्यता किती, याचे गणित. आजचे चॅटबॉट पुढचा शब्द शक्यतेवरूनच निवडतात. त्यांचे गणित कितीतरी पटींनी मोठे आहे, पण कल्पनेचे नाते या जुन्या तंत्राशी लागते.

‘आरन’ काय करत होता?

हॅरॉल्ड कोहेन हे नावाजलेले ब्रिटिश चित्रकार होते. १९६६ च्या व्हेनिस बिएनालेत त्यांनी ब्रिटनचे प्रतिनिधित्व केले. १९६८ मध्ये ते कॅलिफोर्नियात गेले, प्रोग्रामिंग शिकले आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ‘आरन’ हा चित्रे काढणारा प्रोग्राम लिहायला घेतला. २०१६ मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, ते त्यावर काम करत राहिले.

आरनला लाखो चित्रे दाखवून शिकवलेले नव्हते. त्याच्याकडे कोहेन यांनी लिहिलेले नियम होते : बंद आकार कसा काढायचा, एक आकार दुसऱ्याच्या मागे असेल तर रेषा कुठे थांबवायची, माणसाचा हात कुठून कुठपर्यंत वाकतो, झाडाला फांद्या कशा फुटतात. या नियमांच्या आत प्रत्येक वेळी निर्णय बदलत. त्यामुळे एक चित्र दुसऱ्यासारखे होत नसे, तरीही सगळी ‘आरनची’ वाटत.

खरी परीक्षा रंगांची होती. माणूस रंग लावतो, मागे सरकून पाहतो, खटकले तर बदलतो. आरनला डोळेच नव्हते. सुरुवातीच्या काळात तो रेषा काढायचा आणि रंग कोहेन भरायचे. रंगांचे निर्णय प्रोग्रामकडे सोपवायला नव्वदचे दशक उजाडले. त्यासाठी कोहेन यांना आपण रंग कसे निवडतो, हे आधी स्वतःलाच विचारून नियमांत मांडावे लागले. कोणते चित्र प्रदर्शनात लावायचे, याचा निर्णय मात्र त्यांच्याकडेच राहिला.

श्रोते फसले, तेव्हा काय सिद्ध झाले?

डेव्हिड कोप हे अमेरिकी संगीतकार. १९८१ मध्ये त्यांना काही सुचेनासे झाले होते. त्यातून त्यांनी ‘एक्स्परिमेंट्स इन म्युझिकल इंटेलिजन्स’, थोडक्यात ‘एमी’, हा प्रोग्राम बनवायला सुरुवात केली. एमी एखाद्या संगीतकाराच्या रचनांचे तुकडे करायचा, त्यांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या खुणा शोधायचा आणि त्याच शैलीत नव्या रचना जुळवायचा.

१९९७ मध्ये ऑरेगन विद्यापीठात एक चाचणी झाली. श्रोत्यांना तीन रचना ऐकवल्या गेल्या : एक योहान सेबास्टियन बाख यांची, एक एमीची आणि एक संगीताचे प्राध्यापक स्टीव्ह लार्सन यांची. श्रोत्यांच्या कौलात एमीची रचना बाख यांची ठरली, तर लार्सन यांची संगणकाची.

या निकालाने बरीच खळबळ उडाली. पण त्यातून नेमके काय कळले? श्रोते शैलीची नक्कल ओळखू शकले नाहीत, एवढे नक्की. मात्र शैली मुळात घडवली होती बाख यांनी. त्यातले काय उचलायचे, हे ठरवणारा प्रोग्राम लिहिला कोप यांनी. एकदा तर एमीने बाखच्या शैलीतल्या सुमारे ५,००० रचना एका झटक्यात काढल्या. इतक्या रचना ऐकून त्यांतली जपावी अशी कोणती, हे सांगायला पुन्हा माणूसच हवा होता. पुढे कोप यांनी एमीचा डेटाबेस स्वतःच नष्ट केला.

आजचे एआय वेगळे कसे?

आरनमध्ये नियम माणूस लिहीत होता. आजची प्रणाली नियम उदाहरणांतून स्वतः काढते. २०१४ मध्ये इयन गुडफेलो आणि सहकाऱ्यांनी मांडलेले ‘गॅन’ हे तंत्र आपल्या मुद्द्यासाठी महत्त्वाचे आहे. त्यात दोन प्रोग्राम एकमेकांसमोर उभे असतात. एक चित्र बनवतो, दुसरा ते खऱ्या चित्रांच्या संग्रहातले आहे की बनवलेले, हे ओळखतो. पकडला गेला की पहिला सुधारतो आणि हळूहळू दुसऱ्याची नजरही तीक्ष्ण होते. म्हणजे चित्रकाराबरोबर समीक्षकही यंत्रातच बसवला.

पण हा समीक्षक तपासतो ते ‘खऱ्यासारखे आहे का’ एवढेच. नेहमीसारख्या चित्राला तो पास करतो, अगदी वेगळ्या चित्राला नापास. २०१७ मध्ये अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या गटाने यात बदल केला. चित्र कलेत मोडेल असे हवे, पण कोणत्याही ठरावीक शैलीत सहज बसता कामा नये, अशी अट त्यांनी घातली. वेगळेपणा वाढला, वेगळेपणातले मोलाचे कोणते, हा प्रश्न तसाच राहिला.

चॅटबॉटमध्येही एक बटण असते, त्याला ‘टेम्परेचर’ म्हणतात. ते कमी ठेवले तर सर्वांत शक्य असलेला पुढचा शब्द निवडला जातो आणि मजकूर सपक होतो. वाढवले तर कमी शक्यतेचे शब्दही येतात. मजकूर अनपेक्षित होतो आणि अति वाढवल्यास भरकटतो. चॅटबॉटला वळण लावताना माणसांना दोन उत्तरे दाखवून बरे कोणते, हेही विचारले जाते. त्यातून प्रणाली आवडीनिवडी शिकते, पण बहुतेकांना पटेल अशा उत्तराकडे तिचा कल राहतो.

मग संगणकाने खरोखर नवे काही शोधले आहे का?

हो. मार्च २०१६ मध्ये सोलमध्ये ‘अल्फागो’ने ‘गो’ या पटावरील खेळात ली सेडोल यांना ४-१ असे हरवले. दुसऱ्या डावातील ३७ वी चाल पाहून समालोचकही गोंधळले. माणूस अशी चाल खेळण्याची शक्यता दहा हजारात एक, असा खुद्द प्रोग्रामचाच अंदाज होता. ती चाल डाव जिंकण्यात मोलाची ठरली.

डिसेंबर २०२३ मध्ये ‘डीपमाइंड’च्या संशोधकांनी ‘फनसर्च’ या प्रणालीची माहिती ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केली. गणितातील एक जुने कोडे आहे : विशिष्ट प्रकारच्या जाळीवर जास्तीत जास्त ठिपके मांडायचे, पण कोणतेही तीन एका रेषेत येता कामा नयेत. आठ मितींच्या जाळीत तोवर ४९६ ठिपक्यांची मांडणी ठाऊक होती. फनसर्चने ५१२ ठिपक्यांची शोधली. यात एक भाषा-मॉडेल मोठ्या संख्येने प्रोग्राम सुचवत होते, त्यांतले बरेच कुचकामी होते. दुसरा भाग प्रत्येक प्रोग्राम चालवून गुण देत होता आणि चांगलेच पुढे पाठवत होता.

दोन्ही उदाहरणांत एक साम्य आहे. डाव जिंकला की हरला, ठिपके किती बसले, याचे उत्तर यंत्राला स्वतः तपासता येते. जिथे परीक्षक प्रोग्रामच्या आत बसवता येतो, तिथे यंत्र माणसाच्या पुढे गेलेले दिसते. कथेला किंवा चालीला असा धावफलक नसतो.

हा धावफलक यंत्रातच तयार करण्याचे प्रयत्नही झाले. ब्रिटिश संशोधक सायमन कोल्टन यांच्या मते प्रोग्रामला सर्जनशील म्हणायचे, तर त्यात कौशल्य, कल्पकता आणि रसग्रहण ही तिन्ही हवीत. त्यांचा ‘पेंटिंग फूल’ हा प्रोग्राम २०१३ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांची चित्रे काढत होता. त्याआधी तो वर्तमानपत्रातील लेख वाचून ‘मूड’ ठरवायचा, मूड फारच वाईट असेल तर समोरच्याला परत पाठवायचा. चित्र काढून झाल्यावर ते ठरवल्याप्रमाणे उतरले का, हेही तपासायचा. हा मूड शब्दांच्या मोजणीतून आलेला होता, हे खरे. पण आपलेच काम तपासणारा प्रोग्राम लिहिण्याची दिशा त्यातून दिसते.

सोबती म्हणून संगणक कसा?

संगणकाने स्वतः कलाकार व्हायलाच हवे असे नाही. मानसशास्त्रज्ञ टॉड लुबार्ट यांनी २००५ मध्ये त्याच्या चार भूमिका सांगितल्या : काम वेळेत होते ना हे पाहणारी दाई, कल्पनांची देवाणघेवाण घडवणारा पत्रमित्र, युक्त्या शिकवणारा प्रशिक्षक आणि बरोबरीने काम करणारा सहकारी. आज चॅटबॉटला ‘चार कल्पना सुचव’ असे सांगतो, तेव्हा आपण त्याला सहकारी मानत असतो.

याचा परिणाम काय होतो, ते अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउझर यांनी तपासले. त्यांचा अभ्यास २०२४ मध्ये ‘सायन्स अॅडव्हान्सेस’मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ३०० जणांना छोट्या कथा लिहायला सांगितल्या. काहींना एआयची मदत नव्हती, काहींना एआयकडून एक कल्पना घेता येत होती, काहींना पाचपर्यंत. नंतर ६०० परीक्षकांनी कथा वाचल्या. एआयच्या कल्पना मिळालेल्यांच्या कथा अधिक सर्जनशील आणि वाचनीय ठरल्या. जे मुळात कमी सर्जनशील होते, त्यांना सर्वाधिक फायदा झाला.

मात्र सगळ्या कथा शेजारी ठेवल्यावर दुसरी बाजू दिसली. एआयची मदत घेतलेल्या कथा एकमेकींसारख्या होत्या. प्रत्येकाची कथा सुधारली, पण एकूण कथांतले वैविध्य घटले. निबंध स्पर्धा, दिवाळी अंक, जाहिराती, मालिकांचे संवाद अशा प्रत्येक ठिकाणी अनेक जण एकाच सोबत्याकडे कल्पना मागू लागले, तर काय होईल, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

अशा कृतीचा मालक कोण?

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यात १९९४ च्या दुरुस्तीने एक तरतूद आली. संगणकनिर्मित साहित्य, नाट्य, संगीत किंवा कलाकृतीच्या बाबतीत, ज्या व्यक्तीमुळे ती कृती निर्माण झाली, ती व्यक्ती लेखक मानली जाते. ही तरतूद झाली तेव्हा आजचे एआय नव्हते. सूचना टाइप करणारा, प्रोग्राम बनवणारी कंपनी की ज्यांच्या चित्रांवर प्रोग्राम शिकला ते कलाकार, यांपैकी ‘ज्याच्यामुळे’ कोण, हे त्यातून स्पष्ट होत नाही.

हा पेच एका भारतीय प्रकरणात उघड झाला. वकील अंकित साहनी यांनी स्वतः काढलेले सूर्यास्ताचे छायाचित्र आणि व्हॅन गॉग यांचे ‘स्टारी नाइट’ हे चित्र ‘राघव’ नावाच्या एआय साधनाला दिले. त्यातून ‘सूर्यास्त’ हे चित्र तयार झाले. २०२० मध्ये भारतीय कॉपीराइट कार्यालयाने साहनी आणि राघव अशी दोघांची सहलेखक म्हणून नोंद केली. नंतर ती मागे घेण्याबाबत नोटीस निघाली.

अमेरिकेत साहनी यांचा युक्तिवाद निवडीवर उभा होता. मूळ छायाचित्र मी निवडले, शैलीसाठीचे चित्र मी निवडले, शैलीचा प्रभाव किती ठेवायचा हा आकडाही मी ठरवला, असे त्यांचे म्हणणे होते. डिसेंबर २०२३ मध्ये तेथील कॉपीराइट कार्यालयाने एवढी निवड पुरेशी नसल्याचे सांगून नोंदणी नाकारली. दुसऱ्या एका प्रकरणात, यंत्रालाच एकमेव लेखक म्हणून दाखवणारी स्टीफन थेलर यांची मागणी अमेरिकेच्या अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये फेटाळली. लेखक माणूसच हवा, असे न्यायालयाने म्हटले.

प्रशिक्षणासाठी इतरांचा मजकूर वापरण्याचा प्रश्न वेगळा आहे. त्यावर ‘एएनआय’ या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘ओपनएआय’विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला.

वापरणाऱ्याने काय लक्षात ठेवावे?

पहिले, एआयने दिलेले पहिले उत्तर बहुधा सर्वांत ‘शक्य’ असलेले असते. तीच सूचना देणाऱ्या इतरांनाही त्याच्या जवळपासचे काही मिळत असते. दुसरे, आधी स्वतःच्या दोन-तीन कल्पना कागदावर लिहून मग एआयला विचारले, तर तुलना करायला हाताशी काही असते. तिसरे, एआयच्या मदतीने केलेले काम स्पर्धेत किंवा व्यवसायात वापरणार असाल, तर मूळ फोटो, सूचना, नाकारलेले पर्याय आणि केलेले बदल जपून ठेवा. मालकीचा वाद झालाच, तर माणसाचा वाटा किती होता, हा प्रश्न विचारला जाईल आणि त्याचे उत्तर या कागदांतच असेल.

हिलर यांचा संगणक नियमांत न बसणारे स्वर फेकून देत होता. कोहेन भिंतीवर लावायची चित्रे निवडत होते. साहनी आपल्या तीन निवडींचा हवाला देत होते. आता लाखो ओळी बनवणारे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आले आहे, त्यामुळे हे काम प्रत्येक वापरणाऱ्याकडे आले आहे. ते नीट करायचे, तर आधी भरपूर वाचलेले, ऐकलेले, पाहिलेले असावे लागते.